आमची वाटचाल : रोज एक वीत

आमचा धंदा कपड्यांच्या हातकामाचा. मशीनवर शिवून झालेला कपडा आमच्याकडे येतो तो हेम, काजं, बटणं, अस्तराची शेवटची उघडी बाजू आणि कधीमधी रफू यांसाठी. हे काम वर्षभर सारखं नसतं. कधी आठवडेच्या आठवडे सुई हातात धरायची वेळ येत नाही, आणि मग एकदम गठ्ठे येऊन पडतात. मधल्या काळात हाताची सवय मोडते. म्हणून गेल्या वर्षी ठरवलं की काम असो वा नसो, दिवसाची सुरुवात प्रत्येकीने आपापल्या पांढऱ्या सुती पट्टीवर एक वीत शिवण घालून करायची.

नियम दोनच. पट्टी विकायची नाही आणि घातलेला टाका उसवायचा नाही. दुसरा नियम सगळ्यांना जड गेला. ग्राहकाच्या कपड्यावर वाकडा टाका दिसला की हात कात्रीकडे जातो, जायलाच हवा. पट्टीवरचा टाका मात्र तसाच राहिला पाहिजे, कारण तो आपल्या हाताचा खरा हिशेब आहे.

सुरुवात धावदोऱ्याने, म्हणजे सुई खाली-वर करत पुढे नेणाऱ्या साध्या टाक्याने केली आणि बरेच दिवस त्यावरच राहिलो. इतका सोपा टाका रोज काय घालायचा, असं काहींना वाटलं. पण लपायला जागा नसलेला टाका हाच. मन घाईत असलं की टाके लांबतात. दोरा जास्त ओढला की कापडाला बारीक चुण्या पडतात, कमी ओढला की टाका वर उचलला जातो. पट्टीवरून नुसतं बोट फिरवलं तरी कालचा दिवस कसा गेला ते कळायचं. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या ताई नव्या मुलींना एकच सांगत, "दोरा ओढू नकोस गं, नुसता बसव." हात बसणं म्हणजे काय, ते मला त्यांच्या पट्टीवर दिसलं.

दोऱ्याकडेही लक्ष गेलं ते रोजच्या सरावामुळेच. कोपरापासून बोटांपर्यंत, म्हणजे साधारण ४५ सेंटीमीटर, एवढाच दोरा घ्यायचा. लांब घेतला तर पुन्हापुन्हा ओवायचा त्रास वाचतो खरा, पण प्रत्येक टाक्याबरोबर तोच दोरा नेढ्यातून आणि कापडातून घासला जाऊन पिसारतो. शिवताना बोटांत सुई फिरत राहते, तसा दोऱ्याला पीळ चढतो आणि गुंता होतो. मधून मधून सुई मोकळी लोंबू दिली की पीळ आपोआप उतरतो. काजांच्या दोऱ्याला मेण लावून त्यावरून इस्त्री फिरवायची, म्हणजे मेण आत मुरतं आणि कपड्याला डाग पडत नाही.

पुढे हातटीप (दर टाक्याला थोडं मागे येऊन घालायची शिवण), हेम, काज टाका असं एकेक घेत गेलो. हेमवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला लावला आणि त्याचं मला समाधान आहे. कपड्याच्या दर्शनी बाजूचे एक-दोनच धागे सुईवर घ्यायचे, दोरा किंचित सैल ठेवायचा आणि थोड्याथोड्या अंतरावर एक उलटा टाका घालून पक्कं करायचं. मग एखाद्या ठिकाणी दोरा तुटला तरी सगळी हेम सुटत नाही. बटणाचंही तसंच. खाली काडी ठेवून टाके घालायचे, काडी काढून घ्यायची आणि बटणाखाली दोऱ्याचे वेढे देऊन मान बनवायची. ही मान काजाच्या पट्टीच्या जाडीएवढी हवी. आखूड झाली तर बटण लावल्यावर कापड ओढलं जातं.

धंद्यात मोठा फरक पडला तो वेळेच्या अंदाजात. पूर्वी हातकामाला किती दिवस लागतील हे आम्ही नजरेने सांगायचो. आता कोणत्या कापडावर, कोणत्या टाक्याने, कोणाच्या हातून तासाला किती शिवण होते, हे पट्टीवर मोजता येतं. एवढ्या दिवसांत हे काम नीट होणार नाही, असं ग्राहकाला स्पष्ट सांगायचं बळ त्यातून आलं. काही जण दुसरीकडे गेले. राहिले ते थांबायला तयार असतात, आणि माझ्या मते हातकामाचा ग्राहक तोच.

नवीन येणाऱ्या मुलीला आता आधी पट्टी मिळते. तिची हेम एकसारखी पडू लागेपर्यंत ग्राहकाचा कपडा तिच्या हातात देत नाही, पगार मात्र पहिल्या दिवसापासून सुरू असतो.

यंदा पट्ट्या उरेब, म्हणजे कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना तिरप्या, कापल्या आहेत. उरेब कापड ताणलं की लांबतं. त्यावर धावदोरा घट्ट घातला असेल तर तो तटकन तुटतो, हातटीप मात्र कापडाबरोबर थोडी लांबते. किती सैल ठेवायचं, ते अजून प्रत्येकीचा हात शोधतो आहे.