सेल संपला नव्हता

२०२३ च्या मे महिन्यात माझ्या टेबलाच्या खणातला श्रीखंडाचा रिकामा डबा काठोकाठ भरला. आत सगळे वापरलेले पेन्सिल सेल. मोजले तर ३१ निघाले. वर्षभरात एका वायरलेस माऊसला घातलेले ३१ सेल! माऊसच्या खोक्यावर छापलं होतं की एक सेल वर्षभर जातो. माझ्याकडे तो दहा-बारा दिवस जायचा, पावसाळ्यात तर कधीकधी आठवडासुद्धा नाही.

आमचं घर देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वरच्या अलीकडे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पडवीच्या एका कोपऱ्यात माझं डीटीपीचं काम चालतं. लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, महाशिवरात्रीच्या जत्रेआधी दुकानांचे बॅनर आणि आंब्याच्या मोसमात पेट्यांची लेबलं. दिवसाचे आठ-नऊ तास माऊस हातात असतो. वायरचा माऊस का नको, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. वायरचे दोन माऊस उंदरांनी कुरतडले, हे एक कारण. दुसरं म्हणजे गिऱ्हाईक टेबलाच्या पलीकडे बसतं, "हे नाव जरा वर घ्या" म्हणत स्वतःच माऊस हातात घेतं, आणि वायर मधल्या कागदांवरून, चहाच्या कपावरून फिरते. एका लग्नपत्रिकेचे अख्खे प्रूफ असे चहात गेले, तेव्हा जून २०२२ मध्ये वायरलेस घेतला.

सुरुवातीला मी वाण्याकडचे दहा-बारा रुपयांचे सेल घालत होते. त्यांच्यावर 'हेवी ड्युटी' लिहिलेलं असतं, त्यामुळे ते जास्त टिकणारे असतील अशी माझी समजूत. प्रत्यक्षात ते झिंक-कार्बनचे, म्हणजे सगळ्यात कमी साठा असलेले. भिंतीवरच्या घड्याळाला ते उत्तम, कारण घड्याळ वीज थेंबाथेंबाने घेतं. दिवसभर चालणाऱ्या माऊसला अल्कलाइन सेल हवा, त्यात कितीतरी पट जास्त वीज मावते. हे कळल्यावर मी अल्कलाइन आणायला लागले. किंमत तिप्पट झाली, पण दिवस काही तिप्पट वाढले नाहीत.

मग चार्जिंगचे सेल मागवले. माऊसमध्ये घातले आणि पाचच मिनिटांत स्क्रीनवर सूचना आली, बॅटरी कमी आहे. परत चार्ज केले, परत तेच. खराब माल आला असं समजून ते खणात टाकले. ती माझी चूक होती. अल्कलाइन सेल नवा असताना १.५ व्होल्ट देतो आणि हळूहळू खाली येत जातो. चार्जिंगचा निकेल-मेटल हायड्राइडचा सेल मुळातच १.२ व्होल्टचा. तो जवळपास शेवटपर्यंत तेवढ्यावरच राहतो आणि शेवटी एकदम झोपतो. माऊसचं मीटर अल्कलाइनच्या हिशेबाने बांधलेलं, म्हणून भरलेला सेलसुद्धा त्याला अर्धमेला वाटतो. माझे सेल धडधाकट होते आणि मी त्यांना खणात कोंडून ठेवलं. साध्या चार्जिंगच्या सेलमधली वीज नुसतं पडून राहिल्यानेही ओसरते. महिना-दीड महिन्याने काढून बघितले तर खरोखरच मलूल झालेले, म्हणजे माझ्या गैरसमजाला पुरावाही मिळाला.

खरी अडचण त्या मेमधल्या एका रात्री आली. पहाटे पाचला वाशीला जाणाऱ्या गाडीत १४० पेट्या भरायच्या होत्या. बागायतदाराचं नाव, गाव, डझन, प्रत, आणि ज्यांची नोंदणी आहे त्यांच्या लेबलावर जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं चिन्ह, जे आपल्या हापूसला २०१८ मध्ये मिळालं. सात बागायतदार, प्रत्येकाची लेबलं वेगळी. रात्री साडेदहाला बाण अडखळायला लागला. एका जागी थांबायचा, मग एकदम टुणकन कोपऱ्यात जायचा. सेल बदलला, वीस मिनिटं बरं चाललं, परत तेच. दुसरा बदलला. तिसरा बदलला. घरातले सेल संपले तेव्हा टीव्हीच्या रिमोटचे काढायला गेले, तर ते छोटे, बसेनात. शेवटी टॅबची कळ आणि बाणांच्या कळा वापरून एकेक चौकट सरकवत लेबलं पुरी केली. साडेतीन वाजले. प्रिंटर चालू असताना मी पायरीवर बसून रडले, कारण चार लेबलांवर डझनाचा आकडा चुकला होता आणि ती परत करायची होती.

दुसऱ्या दिवशी माऊस आणि श्रीखंडाचा डबा, दोन्ही घेऊन बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले. मला वाटत होतं की माऊस आतून कुठेतरी वीज खातोय. काकांनी माऊसला हातच लावला नाही. डब्यातला एक सेल उचलला, मीटरच्या दोन सुया दोन टोकांना टेकवल्या. १.४१. दुसरा, १.३८. तिसरा, १.४३.

"बाय, हे कित्याक टाकतंस? ह्येंच्यात अजून जीव असा."

एकतीसमधले वीसेक सेल असे निघाले. मला काही सुचेना. मग त्यांनी माऊसचं झाकण काढलं, भिंग डोळ्याला लावलं आणि माझ्या हातात दिलं. सेलच्या खालच्या टोकाला टेकणारी ती छोटी स्प्रिंग. नुसत्या डोळ्यांना जरा मळकट दिसत होती, एवढंच. भिंगाखाली तिच्या शेवटच्या वेढ्यावर हिरवट-पांढरी खरपुडी होती, जुन्या समईच्या तळाशी धरते तशी, आणि मधेमधे तांबूस गंजाचे ठिपके. चकचकीत निकेलचा मुलामा उडून खालचं लोखंड उघडं पडलं होतं. काकांनी सेल बसवला, माऊस चालू केला. सेलच्या टोकांवर १.४१ आणि स्प्रिंगच्या पलीकडच्या बाजूला जेमतेम १.१. मधले तीन दशांश त्या खरपुडीतच अडकत होते. माऊसला पोचायचं ते १.१, आणि तो बिचारा म्हणायचा सेल संपला. नवा सेल घातला की काही दिवस जोर पुरायचा, जरा उतरला की परत तीच रड.

"घरात मिठाच्या बरणीक पावसात पाणी सुटता मां? हय पण ताच."

हे ऐकलं आणि वर्षभराचं सगळं कोडं एका वाक्यात सुटलं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने बारीक मीठ सगळीकडे बसतं, खिडकीच्या काचेवर बोट फिरवून जिभेला लावलं तरी कळतं. तसंच ते माऊसच्या पोटातही बसतं. दुपारी हवा त्यातल्या त्यात कोरडी, मीठ कोरडं, माऊस बरा चालतो. रात्र चढली, हवा दमट झाली की त्या मिठाला पाणी सुटतं, आणि दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की कुरतडणं सुरू. माऊस नेहमी रात्रीच का रुसतो हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळ गेलं तेव्हा समुद्राच्या बाजूची झाडांची पानं भाजल्यासारखी करपली होती, आणि ते खाऱ्या पाण्याच्या तुषारांनी, हे आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल. पण जे आंब्याच्या पानाला होतं ते माझ्या टेबलावरच्या वस्तूला होत असेल, हे डोक्यात आलं नाही.

काकांनी साफ कसं करायचं ते दाखवलं. पॉलिश पेपर अजिबात नाही, त्याने उरलासुरला मुलामाही जातो. पेन्सिलचं साधं खोडरबर बारीक कापायचं आणि स्प्रिंगच्या टोकावर, समोरच्या पट्टीवर हळू घासायचं. मग मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कानातला कापूस भिजवून पुसून घ्यायचं, पूर्ण वाळू द्यायचं. शेवटी टोकाला पेट्रोलियम जेलीचा अगदी पुसट हात, दिसणारही नाही इतका, म्हणजे ओल थेट धातूला भिडत नाही. पैसे घेतले नाहीत. मी आंबे नेऊन दिले, तेही संकोचून घेतले.

श्रीखंडाच्या डब्यातले वीस सेल मी परत वापरले. पुढचे बरेच महिने सेल विकत आणावे लागले नाहीत.

तरीही गुरुवारी बाण उडायचा. गुरुवारी मी सगळ्या कामाची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेते, हे ध्यानात यायला मला तीन गुरुवार लागले. स्प्रिंग स्वच्छ, सेल १.५, आणि तरी बाण अडखळतो. हार्ड डिस्क काढली की ठीक. वायरलेस माऊसचा छोटा रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो, आणि यूएसबी ३.० मधून माहिती धावते तेव्हा नेमक्या त्याच पट्ट्यात रेडिओचा गोंगाट होतो. चिप बनवणाऱ्या इंटेलने २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण काढलेलं आहे. माझा रिसीव्हर आणि हार्ड डिस्कची वायर, दोन्ही लॅपटॉपच्या एकाच बाजूला शेजारी-शेजारी. शंभर-सव्वाशे रुपयांची एक यूएसबी एक्स्टेन्शन वायर आणली, रिसीव्हर तिच्या टोकाला लावून माऊसपासून वीतभर अंतरावर ठेवला. त्या दिवसापासून गुरुवारची कटकट बंद. यात सेलचा काडीचाही संबंध नव्हता, आणि मी मात्र आयुष्यभर त्यालाच बदलत बसले असते.

टेबलावरची काचही मी काढली. काचेखाली देवाचे आणि मुलांचे फोटो होते, जीव तुटला. पण माऊसच्या पोटातला सेन्सर खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला शेकडो-हजारो फोटो घेऊन चाल ओळखतो, आणि चकचकीत काचेवर त्याला धरायला काही सापडत नाही. आता साधा करडा पॅड आहे. फोटो भिंतीवर लावले.

त्याच पावसाळ्यात आणखी एक प्रसंग झाला. दुसरा एक वायरलेस माऊस सेलसकट कपाटात राहिला होता. ऑगस्टमध्ये काढला तर आत पांढरं पीठ सांडल्यासारखं. अल्कलाइन सेल पाझरला होता. ते पांढरं म्हणजे आतल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा हवेशी संबंध येऊन झालेला क्षार, त्याला नुसत्या बोटाने हात लावू नये, कातडी चुरचुरते, डोळ्यात तर जाऊच देऊ नये. क्षार असल्याने त्याच्यावर आंबट लागतं. सासूबाई बघत होत्या, म्हणाल्या, "आगळ लाव थोडा, तांब्याचो कळसो कसो लखलखता." त्यांचं आंबटाचं म्हणणं बरोबर होतं. पण आगळात, म्हणजे कोकमाच्या रसात, मीठ असतं, आणि मिठानेच तर माझं वर्ष खाल्लेलं. म्हणून मी पांढरं व्हिनेगर घेतलं, कापसाच्या काडीने थेंबथेंब लावलं. हलकं फसफसलं, पीठ विरघळलं, मग अल्कोहोलने पुसलं. वरची पट्टी वाचली. स्प्रिंग मात्र हातातच तुटली. काकांनी एका मोडक्या खेळण्यातली स्प्रिंग सोल्डर करून दिली, ती अजून टिकली आहे. त्यानंतर घरात वापरात नसलेल्या कुठल्याही वस्तूत सेल राहत नाही: टॉर्च, रिमोट, मुलांची खेळणी, सगळ्यातले काढून ठेवते.

रात्री काम संपलं की माऊसच्या पोटाचं बटण बंद करते आणि तो झाकणाच्या घट्ट डब्यात, चपलांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते. महिन्याला एकदा स्प्रिंग बघते, जून ते सप्टेंबर मात्र दर रविवारी. चार्जिंगचे सेल आता परत वापरात आहेत, पण कमी ओसरणारे, वर्षभर पडून राहिले तरी बहुतांश वीज धरून ठेवणारे. स्क्रीनवरच्या टक्केवारीकडे बघत नाही. मीटर घेतलाय, अडीचशे रुपयांचा. एक गोष्ट मात्र अजून नीट लागलेली नाही. खरोखर मेलेले सेल टाकायचे कुठे? २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेले सेल परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे, पण आमच्या गावात ते द्यायला जागा नाही. म्हणून टोकांना चिकटपट्टी लावून बाटलीत भरते आणि पुण्याला भावाकडे गेले की तिथल्या ई-कचऱ्याच्या पेटीत टाकून येते. शेणखताच्या खड्ड्यात किंवा विहिरीच्या आसपास एकही जाऊ देत नाही.

सेल घातला की त्यावर मार्करने तारीख लिहायची सवय लागली आहे. आत्ता माऊसमध्ये आहे त्याच्यावर १९ ऑक्टोबर लिहिलंय. काल रात्री पत्रिकेचं काम आटपल्यावर मोजला, १.२६ भरला. स्प्रिंगच्या पलीकडे सुई टेकवली, तिथेही १.२६.