हवाई गणवेश, एकास सहा प्रमाणात : पावसाळ्याअखेरचा आढावा

या मालिकेचा आराखडा पहिल्यापासून साधाच आहे. 1930 पासून आजपर्यंतचे विमानसेविकांचे निवडक गणवेश एकास सहा प्रमाणात शिवायचे, बाहुल्यांना घालायचे आणि कालक्रमाने मांडायचे. काम पुढे सरकले तसा एक निर्णय मात्र नव्याने पक्का झाला आहे. जाहिरातींत आणि संग्राहकांच्या अल्बमांत दिसणारा गणवेश बहुधा विमानाच्या शिडीवरचा असतो: डोक्यावर टोपी, हातांत मोजे, पायांत उंच टाचांचे बूट. विमानाचे दार लागल्यानंतर टोपी व मोजे उतरत, कोट खुंटीला जाई, बुटांची टाच कमी होई आणि जेवण वाढण्याच्या वेळी अ‍ॅप्रन चढे. गणवेशाचा खरा इतिहास या दुसऱ्या वेशात आहे, असे माझे मत झाले आहे. म्हणून यापुढे प्रत्येक बाहुली कामाच्या वेशात उभी राहील आणि शिडीवरचा सरंजाम तिच्या शेजारी वेगळा मांडला जाईल.

पहिली बाहुली पूर्ण झाली आहे. 15 मे 1930 रोजी बोइंग एअर ट्रान्सपोर्टच्या विमानातून एलन चर्च यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातून शिकागोकडे प्रवास केला आणि जगातील पहिली स्त्री विमानसेविका म्हणून त्यांची नोंद झाली. त्या प्रशिक्षित परिचारिका होत्या; विमान चालवायलाही शिकलेल्या होत्या, पण वैमानिकाची जागा त्यांना कोणी देऊ केली नाही. बाहेरचा वेश हिरव्या लोकरी कापडाचा आणि वर केप असा होता, तर विमानात परिचारिकेचा साधा झगा असे. विमानाच्या खुर्च्या जमिनीला घट्ट बसल्या आहेत की नाहीत हे पाहणे आणि विमान मध्येच उतरवावे लागले तर प्रवाशांना आगगाडीत बसवून देणे, ही त्यांची कामे होती. त्यामुळे आगगाडीचे वेळापत्रक जवळ बाळगावे लागे. बाहुलीच्या हातात मी फुलांचा गुच्छ न देता तेच दिले आहे.

येथे मापाचा एक प्रश्न आला, जो या प्रमाणात काम करणाऱ्या सर्वांच्या उपयोगाचा आहे. त्या काळच्या अटींनुसार उमेदवाराची उंची 5 फूट 4 इंचांपेक्षा आणि वजन 115 पौंडांपेक्षा अधिक चालत नसे, कारण विमाने लहान होती आणि प्रत्येक पौंडाचा हिशेब होता. 5 फूट 4 इंच म्हणजे सुमारे 163 सेंटिमीटर. एकास सहा प्रमाणात ते 27 सेंटिमीटर होतात. बाजारात सर्रास मिळणारी फॅशनची बाहुली 29 सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे ती त्या नोकरीसाठी सरळ अपात्र ठरली असती. म्हणून या एका बाहुलीसाठी ठेंगणा साचा वापरला आहे. शेजारी ठेवल्यावर हा फरक डोळ्यांना लगेच जाणवतो आणि तो जाणवायलाच हवा.

साठच्या दशकातील अमेरिकी पोशाखांवर फार वेळ घालवलेला नाही. ब्रॅनिफ या विमान कंपनीसाठी इटालियन फॅशन डिझायनर एमिलिओ पुची यांनी 1965 मध्ये केलेला भडक रंगांचा संच आणि पावसात केस भिजू नयेत म्हणून दिलेला पारदर्शक प्लास्टिकचा गोल शिरस्त्राणासारखा घुमट सर्वांच्या परिचयाचा आहे. क्रॉफर्ड मार्केटमध्ये सजावटीसाठी मिळणारा, दोन भागांत उघडणारा पारदर्शक गोळा त्यासाठी उत्तम चालतो. ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सने 1968 मध्ये आणलेले कागदी पोशाख, म्हणजे फ्रेंच सोनेरी झगा, रोमन टोगा, इंग्रजी पबमधला वेश आणि न्यूयॉर्कच्या बैठकीचा पायजमा, मी शिंप्यांकडे मिळणाऱ्या पेपर फ्युजिंगवर (कॉलरच्या आत घालतात त्या कागदासारख्या अस्तरावर) कापले. मुंबईच्या दमट हवेत खरा कागद चार दिवसांत मऊ पडतो, फ्युजिंग टिकते. कामाचा वेश म्हणून पाहिल्यास हा प्रयोग मला गणवेशांच्या इतिहासातला सर्वांत विचारशून्य वाटतो: ज्या बाईला अरुंद वाटेत वाकून गरम कॉफी ओतायची आहे, तिला कागद नेसवण्याची कल्पना सुचलेल्या माणसाने बहुधा कधी ट्रे उचललेला नसावा.

सर्वाधिक वेळ साडीने घेतला आणि घ्यायलाच हवा होता. एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान 8 जून 1948 रोजी मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हाच्या हवाईसुंदरी पाश्चात्त्य पद्धतीच्या स्कर्ट-जॅकेटमध्ये असत. 1960 मध्ये बोइंग 707 विमाने आली आणि त्या दशकात साडी ही कंपनीची ओळख बनली. मटन स्ट्रीटवर मिळालेल्या जुन्या वेळापत्रकांवर आणि पोस्टकार्डांवर ती साडी सुंदर दिसते, परंतु त्या चित्रांत पदर नेहमी मोकळा सोडलेला असतो. माझ्या परिचयातील एका निवृत्त हवाईसुंदरी काकूंनी पदराच्या घड्या करून खांद्याला पिन कशी लावत आणि उरलेले टोक कमरेशी कसे खोचत, हे समक्ष दाखवले. बाहुलीवर मी तसेच केले आहे.

साडेपाच मीटरची साडी सहाने भागली की 92 सेंटिमीटर लांबी आणि सुमारे 19 सेंटिमीटर पन्हा उरतो. माप कमी होते, कापडाची जाडी मात्र कमी होत नाही, हीच खरी अडचण आहे. मूळजी जेठा मार्केटमधून आणलेल्या मलमलीच्या निऱ्या घातल्यावर बाहुलीच्या पोटाशी उशी बांधल्यासारखे दिसू लागले. शेवटी पाच मॉमे (रेशमाच्या वजनाचे एकक) वजनाचे हाबुटाई हे तलम जपानी रेशीम घेतले, ज्याचे वजन चौरस मीटरला 22 ग्रॅमच्या आसपास असते. निऱ्या तीनच ठेवल्या, आतले कापड कमरेच्या रेषेवर कापून टाकले, प्रत्येक निरी पातळ केलेल्या खळीत भिजवून वाळवली आणि मग कमरपट्टीवर शिवली. शुद्धतेचा आग्रह धरणारे यावर नाक मुरडतील, पण डोळ्यांना पटेल असे वजन आणि पडण कापून शिवल्याशिवाय येत नाही.

गंमत अशी की 2023 सालच्या साडीसाठी हीच पद्धत मूळाशी प्रामाणिक ठरते. एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आल्यानंतर मनीष मल्होत्रा यांनी केलेला, डिसेंबर 2023 मध्ये जाहीर झालेला गणवेश तयार शिवलेल्या साडीचाच आहे आणि तिच्यासोबत पँट घालण्याचीही मुभा आहे. वरिष्ठ सेविकांना बरगंडी (गडद तांबडा) रंगाचा ब्लेझर आणि कनिष्ठांना लाल, अशी विभागणी आहे. लाल रंगातून जांभळ्यात उतरत जाणारी छटा घरी आणताना मी आधी संपूर्ण कापड लाल रंगवले आणि नंतर एक टोक निळसर जांभळ्या रंगात बुडवून अगदी हळूहळू वर उचलले. रेशमाला आम्लधर्मी रंग, गरम पाणी आणि थोडे व्हिनेगर लागते. क्रम उलटा केला तर गडद टोक पुन्हा उजळवता येत नाही. ब्लेझर मात्र अद्याप शिवायचा आहे. भुलेश्वरमध्ये तीन मिलिमीटरची बटणे मिळाली, पण त्यांच्यासाठी काज करणे शक्य नसल्याने आत टिचबटण लावावे लागेल.

साडीच्या बरोबरीने सिंगापूर एअरलाइन्सची सारोंग कबाया (कमरेला लुंगीसारखे वस्त्र आणि वर ब्लाउज) सुरू केली आहे. फ्रेंच फॅशन डिझायनर पिएर बाल्मां यांनी 1968 मध्ये केलेला हा वेश तुलनेसाठी फार उपयोगी आहे, कारण तोही आशियाई आहे, तोही परंपरेवर उभा आहे, पण तो सैल नेसायचा नसून अंगाबरोबर बेतलेला आहे. निळा, हिरवा, लाल आणि जांभळा हे चार रंग चढत्या हुद्द्यांचे आहेत, त्यामुळे एकच बाहुली करून काम संपत नाही. निदान निळी आणि लाल अशी जोडी हवी. बातिकची (मेण लावून रंगवलेल्या कापडाची) नक्षी नुसती सहापटीने लहान केली की तिचे ठिपके एकमेकांत मिसळून चिखल होतो. म्हणून नक्षीतली निम्मी पाने गाळून उरलेली किंचित मोठी ठेवली आणि सुती कापडावर डिजिटल छपाई करून घेतली.

यानंतरची बाहुली आकासा एअरची असेल. ऑगस्ट 2022 मध्ये मुंबई–अहमदाबाद मार्गावर सुरू झालेल्या या कंपनीने सेविकांना पँट, जॅकेट आणि चक्क स्नीकर दिले. राजेश प्रताप सिंग यांनी केलेल्या या गणवेशाचे कापड टाकाऊ प्लास्टिक बाटल्यांपासून केलेल्या पॉलिएस्टरचे आहे. माझ्या निकषाने पाहिल्यास शिडीवरचा आणि आतला वेश येथे जवळजवळ एक होतो, त्यामुळे शेजारी मांडायचा सरंजाम उरणार नाही. बुटांच्या तळव्यांसाठी रबराची पातळ पत्री कापून पाहत आहे. कोणी चार सेंटिमीटर लांबीच्या स्नीकरचा साचा केला असल्यास त्याची मापे कळवावीत.