तुम्ही विचारलंत म्हणून : सेरिफोसला मी बोटीवरून का उतरले

प्रश्न एकच : २०१९च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला आमच्या शिडाच्या बोटीवर सोडून, ग्रीसच्या सेरिफोस बेटावरून मी एकटीच का परत आले? विचारायची तऱ्हा प्रत्येकाची निराळी. हर्णेची आत्या सरळ विचारते, "हात चिरडलेल्या माणसाला एकटं टाकून आलीस गं?" इथल्या मैत्रिणी चहा ओतता ओतता हळूच विचारतात, "तुमचं दोघांचं ठीक आहे ना?" नवऱ्याचे मित्र मला काहीच विचारत नाहीत. ते त्याला विचारतात आणि तो विषय बदलतो, ते मला सगळ्यात जास्त लागतं. गेल्या गणपतीत आरतीचं तबक खाली ठेवते न ठेवते तोच एका काकूंनी पुन्हा तेच विचारलं. त्या रात्री घरी येऊन लिहायला बसले.

सिसिलीहून कसे निघालो, बोट कुठली, पैसे कुठून उभे केले, हे तुम्हाला माहीत आहे. दोन उन्हाळे मी घरच्या ग्रुपवर दर आठवड्याला लिहीत होते. कोरिंथच्या कालव्यातल्या उभ्या कड्यांचे फोटो तर तुम्ही आईला मोठे करून दाखवलेत. गडबड तिथेच झाली. ते सगळं मीच लिहिलं आणि त्यात निम्मं लिहिलंच नाही. २८ जुलै २०१९चा माझा मेसेज अजून फोनमध्ये आहे : "वारा जरा जास्त आहे, पण आम्ही मजेत." त्या दिवशी केआ आणि किथनोस या बेटांच्या मधल्या पट्ट्यात वारा ३२ नॉटचा, म्हणजे ताशी साधारण ६० किलोमीटरचा होता, आणि सुकाणू धरून माझे हात इतके थरथरत होते की किथनोसला पोहोचल्यावर मला दोरीला साधी गाठ मारता येईना. ते लिहिलं असतं तर आज हा प्रश्न कदाचित वेगळ्या सुरात विचारला गेला असता.

तरीही, समुद्राची भीती बसली म्हणून मी उतरले नाही. हे ठासून सांगते, कारण "घाबरली बिचारी" हे सगळ्यांना सोयीचं उत्तर आहे.

२०१८च्या जूनमध्ये आम्ही सिसिलीतल्या सिराक्यूझहून ग्रीसच्या केफालोनिया बेटाला गेलो. साधारण अडीचशे सागरी मैल, दोन दिवस, दोन रात्री, मध्ये कुठे जमीन नाही. पाळ्या तीन-तीन तासांच्या. एक जण वर, एक खाली झोपलेला. हर्णेला आत्याच्या अंगणातून ध्रुवतारा माडांच्या आड कुठेतरी १८ अंशांवर असतो, मुद्दाम शोधावा लागतो. तिथे तो चांगला ३७-३८ अंशांवर, डोलकाठीच्या डाव्या अंगाला ठळक दिसायचा. मी त्याच्यावर नजर ठेवून बसायचे आणि खालून नवऱ्याचा संथ श्वास ऐकू यायचा. माझ्या पाळीत तो अगदी गाढ झोपायचा. समुद्रात, रात्री दोन वाजता, माझ्या डोळ्यांच्या आणि कानांच्या भरवशावर एक माणूस असा झोपतो, याचा मला किती अभिमान होता ते मी कुणाला कधी सांगितलं नाही. त्यालाही नाही. पुढचं सगळं त्या झोपेबद्दल आहे.

ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्या मधल्या एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेचा मेल्तेमी वारा वाहतो. जुलै-ऑगस्ट त्याचे. ढग नाही, पाऊस नाही, निळंशार आकाश आणि तीन-तीन, पाच-पाच दिवस न पडणारा वारा. बाल्कनवर हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानवर कमी. तुर्कस्तानवरचा तो कमी दाब म्हणजे आपल्याकडच्या मान्सूनच्या कमी दाबाच्या पट्ट्याचंच पश्चिमेकडे गेलेलं टोक. हे वाचलं तेव्हा मी आत्याला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मग बरोबर. तो दिवस समुद्रात जायचा नव्हेच." आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, आणि जुनी माणसं तर नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय होडी पाण्यात लोटत नाहीत. २०१९ला नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या मध्यावर होती. आम्ही तिच्या दहा दिवस आधी सेरिफोसला पोहोचलो.

४ ऑगस्टची संध्याकाळ. लिवादीची खाडी दक्षिणेकडे उघडी, उत्तरेला डोंगर, डोंगराच्या टोकावर पांढरं गाव. नकाशात बघितलं तर मेल्तेमीत याहून चांगला आसरा नाही. पण वारा डोंगर ओलांडतो आणि उतारावरून झटक्याझटक्याने खाली कोसळतो. मोकळ्या समुद्रात २५ नॉट असेल तर खाडीत क्षणभर शांतता आणि मग एकदम ३५. सहा मीटर पाण्यात आम्ही नांगर टाकला, ४० मीटर साखळी सोडली. एरवी नवरा पाण्यात उतरून नांगर वाळूत रुतलाय की समुद्री गवतात, ते बघून यायचा. वाळू धरते, गवत धरत नाही. त्या दिवशी उजेड गेला होता आणि दोघंही दमलो होतो. "सकाळी बघू" असं दोघांनीही म्हटलं. ही चूक आमची दोघांची. पुढची माझी.

फोनवर नांगराचा अलार्म असतो. बोट नांगरापासून ठरावीक अंतराच्या बाहेर गेली की तो वाजतो. आम्ही ४५ मीटर ठेवला होता. साडेअकराला वाजला. नवरा उठून वर आला, काही नव्हतं, बोट झटक्याने नुसती झुलली होती. सव्वाबाराला परत वाजला, परत काही नाही. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. मी म्हटलं, "तू झोप, पाळी माझी आहे," आणि अंतर ८० केलं. नोंदवहीत माझ्याच अक्षरात आहे : "००.२०, अलार्म ८०."

आमच्या मागे जेमतेम ३० मीटरवर एका फ्रेंच जोडप्याची बोट होती. ४५ आणि ३०, ७५. म्हणजे अलार्म वाजायच्या आधीच आम्ही त्यांच्या अंगावर जाणार. हा हिशेब तिसरीतलं पोरही करील. मी केला नाही. मला त्याला झोपू द्यायचं होतं.

दोनच्या सुमारास मी बसल्या जागी झोपले. किती वेळ ते माहीत नाही. जाग आली ती कुणीतरी बाई फ्रेंचमध्ये ओरडत होती म्हणून. मागे वळले तर त्यांच्या बोटीचं टोक आमच्या पिछाडीपासून हातभर अंतरावर. मी उठेपर्यंत नवरा बनियनवर, अनवाणी वर आलेला. त्याने पिछाडीच्या कठड्यातून हात बाहेर काढला आणि त्यांची बोट लोटायला गेला. बोटीवरच्या माझ्या पहिल्या दिवशी त्याने मला हेच शिकवलं होतं : बोट फुटू दे, पण दोन बोटींच्या मध्ये हात घालायचा नाही. सात टनांची बोट माणसाच्या हाताने थांबत नाही. आमचा कठडा आणि त्यांच्या टोकावरचा नांगर यांच्यामध्ये त्याचा उजवा हात सापडला.

तो ओरडला नाही. एकच शब्द म्हणाला, "इंजिन."

मी इंजिन सुरू केलं, बोट पुढे घेतली, मग पुढे धावत जाऊन साखळी वर ओढायला लागले. त्याने डाव्या हाताने सुकाणू धरलं, उजव्याला पंचा गुंडाळलेला. नांगर वर आला तो गवताचा भारा घेऊनच. वाळूचा कण नव्हता त्याला. तासभर आम्ही अंधारात खाडीत घिरट्या घालत होतो. दोनदा नांगर टाकला, दोनदा घसरला, तिसऱ्यांदा धरला. तेव्हा पावणेचार वाजले होते. उजाडल्यावर मी बादलीने समुद्राचं पाणी घेऊन कॉकपिट धुतलं. फळ्यांच्या फटींमधलं रक्त निघत नव्हतं. दात घासायच्या ब्रशने काढलं.

बेटावरच्या छोट्या आरोग्य केंद्रात एका तरुण डॉक्टर बाईंनी टाके घातले, मधलं बोट आणि अनामिका पट्टीला बांधली. म्हणाल्या, एक-दोन दिवसांत अथेन्सला जाऊन दाखवा, आतली शीर बघायला हवी. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "वारा पडला की जाऊ."

५ तारखेची रात्र. अलार्म पुन्हा ४५वर. पहिली पाळी मी मागून घेतली. मला अलार्म ऐकू यायला लागला. तो वाजत नव्हता. मी फोन कानाला लावून बघायचे, गप्प असायचा, खाली ठेवला की पुन्हा वाजायला लागायचा. बाराच्या सुमारास पाणी प्यायला खाली गेले. नवरा बिछान्यावर पडलेला, डोळे उघडे, छताकडे. मी म्हटलं, "झोप की." तो म्हणाला, "हं." दोनला गेले, डोळे उघडेच. दोन उन्हाळ्यांत माझ्या पाळीत तो पहिल्यांदाच जागा होता.

बोटीवर माणसं दोनच. त्यातल्या एकाच्या कानांवर दुसऱ्याचा विश्वास राहिला नाही आणि त्याचा स्वतःचाही राहिला नाही, तर ते माणूस मदतीचं उरत नाही. दुसऱ्याला आपली पाळीही जागावी लागते आणि त्याचीही. मी उतरले त्याचं हे कारण आहे, आणि ते खरं आहे.

पण हे एवढंच नाही. इतकी वर्षं मी एवढ्यावरच थांबत आले.

६ तारखेला सकाळी मी पिरेअसच्या, म्हणजे अथेन्सच्या बंदराच्या, फेरीची दोन तिकिटं काढली. दोन. फ्रेंच जोडप्याशी बोलून ठेवलं. ते आठवडाभर तिथेच होते, बोटीवर लक्ष ठेवायला आनंदाने तयार होते. त्यांच्या बोटीला आमच्यामुळे ओरखडा गेला होता, तरीही. दुपारी नवरा मला डिंगीतून, म्हणजे बोटीच्या छोट्या होडीतून, धक्क्यावर घेऊन आला, माझी पिशवी डाव्या हातात धरून. फेरी आली, तिचं मागचं दार धक्क्यावर टेकलं. ते उघडं राहतं थोडी मिनिटंच. गाड्या, माणसं, सुटकेसी, सगळं एकदम. मी म्हटलं, "चल." तो म्हणाला, "आणि बोट?"

फ्रेंच जोडप्याचं मी त्याला सांगितलं नाही. दुसरं तिकीट खिशात होतं, ते दाखवलं नाही. मी वर चढले.

का नाही दाखवलं? तेव्हाच्या मला हे मी शंभरदा विचारलं आहे. ती म्हणते, त्याला न सांगता यायला हवं होतं. हात त्याचा, डॉक्टरांनी सांगितलेलं त्याने ऐकलेलं, मी तिकिटं नाचवून विनवण्या का करायच्या? मी तिला म्हणते, तू त्याची परीक्षा घेत होतीस, आणि ज्याचा हात तुझ्या ८० मीटरमुळे गेला त्याची परीक्षा घ्यायचा तुला काय अधिकार? ती म्हणते, आला असता तर वर्षभर बोटीच्या काळजीने जळत राहिला असता आणि दोष मलाच दिला असता. असेल. मला तिचं पटत नाही आणि तिला पूर्ण खोटंही ठरवता येत नाही.

पिरेअसला मी तीन दिवस एका हॉटेलात थांबले. रोज संध्याकाळी सेरिफोसची फेरी यायची वेळ बघून बंदरावर जायचे. चौथ्या दिवशी विमानाने घरी आले आणि ग्रुपवर लिहिलं, "ऑफिसच्या कामामुळे मला लवकर परतावं लागलं." ती थाप माझी. नंतर तुम्हाला त्याच्या हाताचं कळलं आणि मग प्रश्न सुरू झाले. तेव्हा तुमच्यावर चिडायचा हक्क मला पुरता नाही, हे मला कळतं.

११ तारखेला वारा पडला. त्याचा एक मित्र आला, दोघांनी बोट लेरोस बेटावर नेऊन यार्डात उभी केली. हाताचा एक्स-रे दहा दिवस उशिरा निघाला. अनामिका आता सरळ होत नाही. सप्टेंबरमध्ये तो परत आला तेव्हा मी दाराशीच म्हटलं, "अलार्म मी वाढवला होता." तो म्हणाला, "माहीत आहे. मीच तुला वाढव म्हटलं होतं." मला हे अजिबात आठवत नाही. नोंदवहीत तसं नाही. तो मला वाचवण्यासाठी तसं म्हणतो, का त्याला खरंच तसं आठवतं, ते मला आजही सांगता येणार नाही. आणि ५ तारखेच्या रात्री तो जागा का होता, विचारलं तर म्हणतो, "हात ठणकत होता गं." ठणकत असेलच. चिरडलेला हात ठणकणारच. पण मी ते डोळे पाहिलेत.

आत्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे : हो, टाकून आले. आणि त्याला बरोबर नेण्यासाठी गेले होते. दोन्ही खरं आहे. त्यातलं एकच ऐकायचं असेल तर मग पुन्हा विचारू नकोस.

पुढे कोविड आला, बोट यार्डात खांबांवर उभी राहिली. नंतर तो दर मे महिन्यात जाऊन तळाला रंग देऊन येतो. या वर्षी त्याने नांगर बदलला, जुना २० किलोचा होता, आता २५चा. गेल्या आठवड्यात भांडी लावता लावता म्हणाला, लेरोसहून जवळच्या पात्मोस बेटावर जाऊन येऊ का, वीसेक मैल, सकाळी निघून दुपारी पोहोचू, मेमध्ये मेल्तेमी नसतो. मी विचारलं, रात्री धक्क्याला बांधायची की नांगर टाकायचा? तो म्हणाला, "तू सांग."

मी अजून सांगितलेलं नाही.