घाट बंद होता त्या दिवशीचा स्वयंपाक

मी स्वयंपाकाचे काम शिकले ते कोल्हापुरात. त्यामुळे सिंधुदुर्गातल्या एका लहान पर्यटक निवासाचे स्वयंपाकघर माझ्याकडे आले, तेव्हा पहाटेच्या टेम्पोने घाटावरून येते तीच भाजी, असे मी धरून चालले होते. इथल्या बाजारातला कोबी, फ्लॉवर, टोमॅटो हा माल बहुतेक कोल्हापूर आणि बेळगावकडूनच उतरतो. श्रावणातल्या एका सकाळी घाटात दरड कोसळली आणि टेम्पो वरच अडकला. दुपारी तीसेक पाहुणे जेवायला यायचे होते आणि सगळे श्रावण पाळणारे असल्याने मासळीचा प्रश्नच नव्हता. कोठीत तांदूळ, डाळ, काळे वाटाणे, रवा, गूळ आणि नारळ एवढेच होते.

माझ्यासोबत काम करणाऱ्या काकी त्याच गावच्या. त्या म्हणाल्या, "परड्यात इतक्या आसा, ता कोण खातला?" तासाभरात त्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या परड्यांतून, म्हणजे घरामागच्या बागांतून, टोपल्या भरून आल्या. त्यांत नीरफणस (ब्रेडफ्रूट) होते, पिवळसर पडलेली भली मोठी तवशी म्हणजे काकड्या होत्या, मूठभर फागली (करटोली) होती आणि खोडालाच घोसांनी लगडणारी हिरवी, आंबट बिंबलेही होती. यातले बरेचसे मी बाजारात पाहिले होते, पण शिजवले त्यातले काहीच नव्हते.

पहिला प्रश्न नीरफणसाचा होता. "आधी हाताक नि आडाळ्याक तेल लाव, बाय. चीक लागलो तर सांजपर्यंत जावचो नाय," काकींनी बजावले. आडाळा म्हणजे विळी. देठ छाटून फळे उलटी ठेवली, पांढरा चीक निथळू दिला, साल काढली आणि मधला कठीण दांडा काढून टाकला. आत गरे नव्हते आणि आठळ्याही नव्हत्या, नुसता पांढरा, घट्ट गर होता. लागवडीतल्या या जातीला बी धरत नाही, म्हणून मुळांवर फुटलेल्या कोंबांपासून नवे झाड लावतात. मूळचे हे झाड पॅसिफिक महासागरातल्या बेटांकडचे आणि तिथे ते पोटभरीचे मुख्य अन्न आहे. ब्लाय या इंग्रज कप्तानाने १७९३ मध्ये त्याची रोपे जहाजातून वेस्ट इंडीजला पोहोचवली, तीही मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना स्वस्तात पोसता यावे या हेतूने. हे वाचलेले त्या सकाळी माझ्या उपयोगी पडले. पाणी सोडणारी फळभाजी म्हणून न पाहता मी नीरफणसाकडे बटाट्यासारखा पिष्टमय पदार्थ म्हणून पाहिले, आणि पुढचे निर्णय आपोआप सुचत गेले. चिरलेला गर हवेत काळा पडतो, म्हणून फोडी मिठाच्या पाण्यात ठेवल्या. पातळ कापांना हळद, तिखट, हिंग आणि मीठ चोळून, रवा आणि तांदळाचे पीठ लावून, ती तव्यावर मंद आचेवर खरपूस भाजली. उरलेल्या फोडी काळ्या वाटाण्याच्या उसळीत घातल्या. त्या उसळीला नीरफणसाने आलेला दाटपणा बटाट्याने कधीच येत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

तवशांचे धोंडस, म्हणजे काकडीचा गोड केक, करायचे ठरले. मात्र चिरण्याआधी प्रत्येक तवशाच्या देठाकडची चकती काढून मी चाखली. काकडी, दुधी, दोडका या साऱ्या कुळात कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात, आणि ती वाढली तर उलट्या, जुलाब आणि त्याहून गंभीर त्रास होतो. दुधीचा कडू रस पिऊ नये असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी सांगितले, तेही याच कारणासाठी. टोपलीतले सर्वांत मोठे तवसे थेट मध्यापर्यंत कडू निघाले. भाजीचा इतका तुटवडा असताना ते टाकणे सगळ्यांच्याच जिवावर आले आणि भरपूर गूळ घातला तर कळणार नाही असेही कोणीतरी सुचवले. पण गुळाने चव झाकली जाते, द्रव्य तसेच राहते, आणि शिजवूनही ते जात नाही. मी ते खड्ड्यात टाकायला लावले. बाकीच्या तवशांचा कीस त्याच्याच पाण्यासकट भाजलेल्या रव्यात मिसळला; गूळ, ओले खोबरे, काजू आणि वेलची घालून, हळदीची पाने लावलेल्या जाड पातेल्यात, खाली मंद आच आणि झाकणावर निखारे ठेवून तो भाजला. वरून वेगळे पाणी घालावे लागत नाही, हे या फळाचे वैशिष्ट्य.

फागल्यांची कांद्याशिवाय, नुसत्या खोबऱ्यावर कोरडी भाजी केली. नर आणि मादी वेल वेगवेगळे असल्याने परड्यात ती बेतानेच मिळतात, त्यामुळे ती ताटात चमचाभरच वाढता आली.

बिंबले टोमॅटोच्या जागी आमटीत घातली, आणि त्याआधी पाहुण्यांपैकी कोणाला मूत्रपिंडाचा विकार आहे का, हे फोनवरून विचारून घेतले. बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल फार असते. आमटीत पडणाऱ्या चार फोडींनी निरोगी माणसाला काही होत नाही, पण त्याचा कच्चा रस पेलाभर पिऊन मूत्रपिंडे निकामी झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत, आणि दुखणे आधीच असेल तर फोडीही नकोत. त्यांच्यातल्या एका आजोबांना असा त्रास होताच. त्यांच्यासाठी साधे वरण वेगळे काढले आणि वाढणाऱ्या मुलाला त्यांची जागा दाखवून ठेवली.

जेवताना कापे कशाची आहेत हे ओळखण्यात अर्धी पंगत रमली. कोणी सुरण म्हणाले, कोणी कच्चे केळे. धोंडस संपले तेव्हा काकींनी तळाची खरवड मुलांना वाटून टाकली. पुण्याच्या एका ताईंना कच्चा नीरफणस घरी न्यायचा होता. झाडावरून काढल्यावर तो एक-दोन दिवसांतच पिकू लागतो, म्हणून पोहोचताच बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा, म्हणजे थोडे दिवस टिकेल, असे मी त्यांना सांगितले. आणि वाटेतच मऊ पडला तर कापांचा हट्ट न धरता वाफवून, वर नारळाचा रस आणि गूळ घालून खा.