माझ्या अशिलाचं शुद्ध मराठी

सेशन्स कोर्टात दर थोड्या दिवसांनी कोणीतरी म्हणतंच, "मॅडम, तुमचं मराठी किती छान आहे हो!" मी राजापूरची. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. छान नसायला काय झालं? माझ्या जोशी-कुलकर्णी मैत्रिणींना हे कधी ऐकावं लागत नाही. एवढा एक सल आहे, तो सांगून टाकला.

गोष्ट २०१३ सालची. अशील गोवंडीत शिलाई मशीनवर बसणारा बिहारी पोरगा, घातपाताच्या कटात चौथा आरोपी. त्याच्याविरुद्ध भक्कम म्हणावा असा पुरावा एकच: पोलीस कोठडीत त्याने पंचांसमोर केलेलं निवेदन आणि त्यावरून काढून दिलेली काडतुसांची पिशवी. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, पण तेव्हाच्या पुरावा कायद्यात कलम २७ची ही खिडकी उघडी असायची. निवेदनातून वस्तू सापडली, तर तेवढा भाग ग्राह्य.

आमच्या कामात सगळा जीव असतो तो अशा कागदांत. फहीम अन्सारीवर आरोप होता, २६/११साठी नकाशा काढून दिल्याचा. तो नकाशा मारला गेलेला हल्लेखोर अबू इस्माइल याच्या खिशात सापडला म्हणे. पँट रक्ताने माखलेली, नकाशावर मात्र डाग नाही. कोर्टाला ते पटलं नाही आणि ३ मे २०१०ला फहीम निर्दोष सुटला. त्याचे वकील शाहिद आझमी तो निकाल ऐकायला नव्हते. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली तिहारमध्ये काही वर्षं काढून, निर्दोष सुटून वकील झालेला हा माणूस. त्याच वर्षी ११ फेब्रुवारीला कुर्ल्यात, त्यांच्याच ऑफिसात गोळ्या घातल्या. वय ३२. त्या रात्री राजापूरहून अब्बांचा फोन आला होता, "फौजदारी सोड. जमिनीचे दावे काय कमी आहेत?"

तर त्या दिवशी पंच पिंजऱ्यात होता. पोलीस स्टेशनजवळ लॉटरीची टपरी चालवणारा माणूस. सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांची उत्तरं, पाठ केल्यासारखा म्हणाला. मी उलटतपासाला उठले आणि निवेदन त्याच्यासमोर धरलं.

"आरोपी कोणत्या भाषेत बोलला?"

"मराठीत."

"साहेबांनी हिंदीचं मराठी करून लिहिलं असेल."

"नाही मॅडम. तो जसा बोलला, तसंच लिहिलं. शब्दाला शब्द."

मग मी ते मोठ्याने वाचलं. "सदर पिशवी मी पत्र्याच्या शेडच्या मागील बाजूस असलेल्या मोरीलगत लपवून ठेवली असून ती मी स्वखुशीने काढून देतो, माझ्यासोबत चला."

"हेच शब्द?"

"हेच."

पुढचा प्रश्न जिभेवर आला होता. गिळला. माझे सीनियर म्हणायचे, उलटतपासात वकील बुडतो तो शेवटच्या जादा प्रश्नाने. मी फक्त कोर्टाच्याच रेकॉर्डकडे बोट दाखवलं. दोषारोप ठेवला त्या दिवशीची नोंद होती: आरोपीस मराठी येत नसल्याने दोषारोप हिंदीतून समजावून सांगितला. न्यायाधीशांनी चष्मा काढला, ती नोंद वाचली, पुराव्यात दाखल झालेलं निवेदन पुन्हा वाचलं. सरकारी वकिलांनी फेरतपासात सावरायला पाहिलं, पण 'शब्दाला शब्द' टाइप झालं होतं.

बाहेर पडताना शिरस्तेदार म्हणालेच, "मॅडम, काय मराठी वाचलंत!" या वेळी मला खरोखर हसू आलं.

पोरगा दीड वर्षाने सुटला, तोवर आणखी बऱ्याच तारखा पडल्या. उलटतपासाच्या त्या दिवशी मात्र पोलीस बंदोबस्ताच्या पार्टीतला हवालदार त्याला घाईने लॉकअपकडे नेत होता. खटल्याचा मथितार्थ मी त्याला तुरुंगातल्या मुलाखतीत सांगितला होता, पण कागद शब्दश: कधी वाचून दाखवला नव्हता.

"मैडम, मैंने क्या बोला था उसमें? पूरा सुनाओ ना."

मी जिन्यातच उभी राहून 'सदर'पासून 'चला'पर्यंत हिंदी करून सांगितलं. त्याने मन लावून ऐकलं.

"और ये मोरी क्या होता है?"