बीएस्सी नर्सिंग : बांबोळीतली चार वर्षं

मुलगी नर्सिंगला जाणार म्हटलं की घरी येणारा प्रत्येक पाहुणा एकच सांगतो : मायाळू आहे हो, जमेल तिला. आमच्या वाळपईच्या घरीही तेच झालं. गोव्यात, बांबोळीच्या नर्सिंग कॉलेजात चार वर्षं काढल्यावर मी म्हणेन, मायाळूपणा हा यातला सगळ्यात सोपा विषय. घाम फुटतो तो बघायला, मोजायला आणि बघितलेलं तिथल्या तिथे लिहून ठेवायला.

आधी प्रवेशाचं उरकते. जीएनएम ही नर्सिंगची तीन वर्षांची पदविका आणि बीएस्सी नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. पदवीसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवंच. जीएनएमवाल्यांना नंतर पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवी घेता येते, तेव्हा कुणी तिकडे गेलं तर हळहळायचं कारण नाही. अर्ज पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयातून होतात. अर्जापेक्षा माझं डोकं खाल्लं ते रहिवासी दाखल्याने. निकाल लागला की मामलेदार कार्यालयात अर्धा तालुका लोटतो, म्हणून परीक्षा संपल्या संपल्या तो काढून ठेवलेला बरा.

पहिलं वर्ष ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, मायक्रोबायोलॉजी, न्यूट्रिशन यांत जातं. चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पाचवीपासून इंग्रजी, अशी आमच्याकडची बहुतेक मुलं असतात. जाड पुस्तकं बघून पोटात गोळा येतो, पण तो महिन्या-दोन महिन्यांत विरघळतो. डेमो रूममधल्या बाहुलीवर बेड मेकिंग, स्पंज बाथ, नाकातून पोटात घालायची राइल्स ट्यूब सगळं छान जमतं. बाहुली खोकत नाही, नळी उपसून काढत नाही आणि तिच्या उशाशी सहा नातेवाईक उभे नसतात.

वॉर्डात गेल्यावर पहिली गाठ पडते गणिताशी. 500 मिलिलीटर सलाईन चार तासांत द्यायचंय आणि सलाईनच्या नळीचा सेट आहे मिलिलीटरला वीस थेंबांचा, तर मिनिटाला साधारण 42 थेंब. गणित पाचवीतलं आहे, पण ते रात्री अडीच वाजता, शेजारच्या खाटेवरचा माणूस ओरडत असताना करायचं असतं. इन्सुलिनचं तर याहून बेतानं. 40 युनिटची बाटली असली की लाल टोपणाची सिरिंज, 100 युनिटची असली की नारंगी. टोपणं बदलली तर रुग्णाला अडीचपट डोस जाऊ शकतो किंवा निम्म्याहून कमी. आमच्या मॅडम बाटली आणि सिरिंज शेजारी शेजारी धरून मोठ्याने वाचायला लावायच्या. तेव्हा हसू यायचं. आता मीही मोठ्यानेच वाचते.

गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, गोव्याबाहेरचे रुग्णही खूप. एका पोस्टिंगला दोडामार्गकडचे एक आजोबा होते, पोटाच्या ऑपरेशननंतरचे. विचारलं की म्हणायचे, "माका बरां वाटता गो बाय." नाडी थोडी वाढलेली, ताप नाही, चेहरा हसरा. माझ्याकडे त्यांचा इनटेक-आउटपुट चार्ट होता, म्हणजे अंगात पाणी किती गेलं आणि बाहेर किती आलं त्याची नोंद. युरोबॅगमध्ये तासाला तीस मिलिलीटरच्या खाली लघवी येत होती, लागोपाठ दोन तास. मी सिस्टरना सांगितलं. त्यांनी आधी चादर वर करून नळी मांडीखाली दुमडलीय का ते पाहिलं, मग ओटीपोटावर हात ठेवून मूत्राशय भरलंय का ते बघितलं, आणि मगच डॉक्टरांना फोन लावला. फोनवर बोलल्या ती चार वाक्यं : ऑपरेशन कुठलं, बीपी किती, लघवी किती, सलाईन किती गेलं. डॉक्टरांनी सलाईन वाढवलं. आजोबांना यातलं काहीच कळलं नाही, पेज कधी मिळणार एवढंच ते विचारत होते. त्या चार वाक्यांचा क्रम मला पुस्तकातल्या कुठल्याही प्रकरणातून इतका पक्का कळला नव्हता.

सगळीकडे असं शिकायला मिळतं असं मात्र नाही. एका वॉर्डात आम्ही म्हणजे फुकटची माणसं होतो : सॅम्पल लॅबला ने, रिपोर्ट आण, ट्रॉली ढकल. दुपारी हॉस्टेलवर येऊन केअर प्लॅन, म्हणजे रुग्णाच्या शुश्रूषेचा आराखडा, लिहायचा तो अशा दिवशी काय बघून लिहिणार? मुली जुन्या फायलींतून उतरवायच्या, आणि मला त्यात त्यांचा फारसा दोष वाटत नाही.

तिसऱ्या वर्षी मानसोपचाराचं पोस्टिंग. घरच्यांना काळजी विजेच्या झटक्यांची. भूल न देता झटके देणं 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद आहे हे आईला समजावताना माझीच उजळणी झाली. तिथलं खरं काम म्हणजे रुग्णाशी झालेलं संभाषण शब्दन् शब्द लिहून काढणं : तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, मी तसं का म्हणाले. आपण किती वेळा समोरच्याला मध्येच तोडतो ते कागदावर उतरलं की लाज वाटते.

कम्युनिटीचं, म्हणजे गावोगावच्या आरोग्याचं, पोस्टिंग अनेकांना कंटाळवाणं वाटतं, मला नाही वाटलं. मी सत्तरी तालुक्यातली, त्यामुळे माकडतापाचा धडा मला घरचाच. 1957मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा सापडला. 2015च्या सुमारास आमच्या तालुक्यातल्या पाली गावात लोक आजारी पडले तेव्हा मी शाळेत होते, आणि काजूच्या बागेत जाऊ नका एवढंच मोठी माणसं सांगायची. तो गोचिडांमुळे पसरतो, आणि गोचिडांचा हंगाम व काजूचा हंगाम एकच, हे जोडून मी सेमिनारला मांडलं. काजू वेचणाऱ्या बाईला जंगलात जाऊ नका म्हणून भागत नाही. अंगाला लावायचं औषध, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि घरी आल्यावर गरम पाण्याची आंघोळ, एवढं तिला जमण्याजोगं असतं.

चौथं वर्ष मिडवायफरीचं, म्हणजे बाळंतपणाचं. स्वतः केलेल्या वीस नॉर्मल डिलिव्हरी केसबुकात लागायच्या, म्हणून लेबर रूमबाहेर आमची रात्रीही रांग. पार्टोग्राफ या बाळंतपणाच्या तक्त्यावर गर्भाशयाचं तोंड किती उघडलं त्याच्या खुणा करत जायच्या. रेघ ॲलर्ट लाइनच्या, म्हणजे तक्त्यावरच्या इशाऱ्याच्या रेषेच्या, उजवीकडे सरकू लागली की हाक मारायची. बाळ आल्यावर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला त्याचा अपगार स्कोअर : रंग, नाडी, प्रतिसाद, स्नायूंचा ताण, श्वास, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. बाहेर आजी विचारते, "किदें जालें गो?" आणि आपल्याला आधी घड्याळ बघायचं असतं.

येणाऱ्या मुलींनी दोन कामं आधीच करावीत. हिपॅटायटिस बीची लस वॉर्ड सुरू होण्याआधी सुरू करा. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस असतात, ते शेवटच्या आठवड्यात उरकता येत नाहीत. आणि घड्याळ सेकंद काट्याचंच घ्या.

शेवटचा निकाल लागला की नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. आरएन आरएम, म्हणजे नोंदणीकृत नर्स आणि मिडवाइफ, हा नंबर हातात आल्याशिवाय स्टाफ नर्स म्हणून कुणी उभं करत नाही. माझ्या बॅचच्या काही जणी ओईटी ही आरोग्य क्षेत्रातल्या लोकांची इंग्रजीची परीक्षा देऊन परदेशी जायच्या खटपटीत आहेत. मी सध्या सरकारी भरतीच्या जाहिरातीवर डोळा ठेवून आहे, आणि तोवर एका खासगी आयसीयूत रात्रपाळी करते.