अठ्ठावीस वर्षांचा अ‍ॅडम रिपन

आज सुट्टी होती. दुपारभर २०१८ च्या अमेरिकन फिगर स्केटिंग राष्ट्रीय स्पर्धेचे जुने व्हिडिओ बघत बसले. सॅन होजे, जानेवारी. ऑलिम्पिक संघात पुरुषांच्या फक्त तीन जागा, आणि अ‍ॅडम रिपनचं वय २८. २०१० आणि २०१४, दोन्ही वेळा संधी हुकलेली. वर्षभरापूर्वीच पाय मोडलेला.

शॉर्ट प्रोग्रॅमनंतर, म्हणजे पहिल्या छोट्या फेरीनंतर, तो दुसरा होता. फ्री स्केटमध्ये, म्हणजे दुसऱ्या मोठ्या फेरीत, क्वाड लुट्झवर (हवेत चार गिरक्या घ्यायची उडी) पडला, आणि शेवटी शेवटी दोन तिहेरी उड्या एकेरीच झाल्या. निकाल माहीत असूनही माझ्या पोटात गोळा आला! एकूण चौथा. नेथन चेन पहिला, रॉस मायनर दुसरा, व्हिन्सेंट झू तिसरा.

तरीही निवड समितीने चेन आणि झूबरोबर रिपनलाच घेतलं. फक्त या एका स्पर्धेचे गुण नव्हे, आधीच्या स्पर्धांमधली कामगिरीही धरायची, हा तिथला नियम. रिपनने त्या मोसमात ग्रां प्री या आंतरराष्ट्रीय स्पर्धामालिकेत दोन रौप्यपदकं मिळवून तिची फायनल गाठली होती. मला हा निर्णय पटतो. पण मायनरसाठी जीव तुटतो. तोही सत्ताविशीला टेकलेला, आयुष्यातलं सर्वोत्तम स्केटिंग करून दुसरा आला आणि राखीव राहिला. त्याचा फ्री स्केट मी आज दोनदा पाहिला. तुम्हीही जरूर बघा.

रिपन प्याँगचांगच्या ऑलिम्पिकमध्ये क्वाडशिवाय, पण एकही चूक न करता खेळला. सांघिक कांस्यपदकात त्याचा वाटा आहे.